बारा वीसचा देव

घड्याळात बारा वाजायला आले की तांबुळखेडातली माणसं हातातलं काम टाकून कातडीघराच्या माळावर धावत. मे महिना, साल सदुसष्ट. खामगावपासून तीन कोसांवरचं हे गाव. त्या दिवसांत इथे उन्हात कुत्रंसुद्धा बाहेर पडत नाही. पण माणसं पडत होती. कुणी डोक्यावर ओला पंचा, कुणी पदर, एकाने तर घमेलंच पालथं घातलं होतं. खामगावहून टांगे यायचे, साखरखेर्ड्याकडून बैलगाड्या. देव भरदुपारी भेटणार म्हटल्यावर चटके सोसायलाच हवेत.

मधोमध छातीएवढ्या उंचीचा ओटा. ओट्यात एक गोल खड्डा, तेच होमकुंड. त्यावर तीन पायांचं लोखंडी तिकाटणं, आणि तिकाटण्याला साखळीने टांगलेलं काळ्या घोंगडीचं तुपात भिजवलेलं गाठोडं. ओट्यावर चढायची दुपारबाबाशिवाय कुणालाच परवानगी नव्हती. खाली उभं राहून कुंडाच्या आत काय आहे ते दिसत नव्हतं, आणि देवाच्या आत डोकावायचं कशाला, असं लोकांचं मत होतं.

"काडी दिसते का कुणाला माझ्या हातात?" दुपारबाबा दोन्ही तळवे पसरून गरजला. "निखारा दिसतो? चकमक दिसते? नाही! कोटी कोटी योजनं दूर बसलेला सहस्रकिरण भास्कर आज तांबुळखेडच्या माळावर उतरणार आहे. का उतरणार आहे? तुमच्या तोंडाकडे पाहून नव्हे! या भूमीचा विटाळ जाळायला उतरणार आहे!"

"जय!" लोक म्हणाले.

बाबाने ओट्याच्या कडेच्या धुपाटण्यात धूप टाकला, डोळे मिटले, आणि कुंडाकडून येणारी भगवी दोरी हळूच ओढली. "उघड बा, नेत्र उघड!" मग मंत्र. त्या मंत्रांत संस्कृत थोडं आणि खोकला फार होता. मिनिटभरात गाठोड्यातून धुराची रेघ निघाली, आणि भक्कन जाळ झाला. बायांनी कानशिलांवर बोटं मोडली. म्हातारे रडले.

गर्दीच्या कडेला काळी छत्री धरून उभी असलेली सिंधूताई मात्र देवाकडे पाहत नव्हती. ती पंचफुलाकडे पाहत होती.

सिंधूताई गावच्या दवाखान्यातली नर्स. याच गावची, बौद्धवाड्यातल्या दयारामची मुलगी. नागपूरला नर्सिंग शिकून आली होती. पंचफुला ही सरपंच वामनरावांची सून. वय वीस. दोन वेळा पोट राहून पडलेलं, आता तिसऱ्या खेपेला आठवा महिना. सासू मनकर्णाबाईने तिला बाबाचं एकेचाळीस दिवसांचं व्रत धरायला लावलं होतं. रोज होम पेटला की माळावरच्या विहिरीचं पाणी, म्हणजे तीर्थ, तांब्याच्या पळीने तीन वेळा, आणि घरी न्यायला एक लोटी. गावातले आणखी वीस-बावीस जण हे व्रत करत होते.

आज पंचफुलाने पळी कशीबशी ओठाला लावली. तीर्थ पिऊन दहा पावलं गेली आणि ओकली.

"पोटुशी हाय, वकतेच," मनकर्णाबाई म्हणाली.

"काकू, आठव्या महिन्यात असं नाही होत," सिंधूताई म्हणाली. तिने पंचफुलाचा हात हातात घेतला. "आणखी काय होतं गं?"

"पायात मुंग्या येते, ताई. रात्रंदिवस. चप्पल पायात हाय का नाई, थेच समजत नाई."

सिंधूताईने तिची बोटं उलटी करून पाहिली. दहाही नखांवर मुळाशी एकेक आडवी पांढरी रेघ उमटलेली. जणू कुणी चुन्याच्या बोटाने ओढावी तशी. कुठे मार लागला तर एखाद्या नखावर डाग येतो. दहाच्या दहा नखांवर सारखी रेघ तिने कधी पाहिली नव्हती.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने बापाला ती रेघ सांगितली. दयाराम अंगणात बाजेवर दोर आवळत बसला होता. त्याचे हात थांबले.

"कोन्या विहिरीचं पानी पेते थे पोरगी?"

"कातडीघराची. हौदाजवळची."

दयारामने दोर खाली ठेवला. मग त्याने तळहात पुढे केले. लहानपणापासून सिंधूताईने ते हात पाहिले होते: जोंधळ्याच्या दाण्यांएवढ्या कडक गाठींनी भरलेले. कामाचे घट्टे असतील, असंच ती समजत आली होती.

"हे घट्टे नोयत, सिंधू. हे सोमल हाय."

इंग्रजी अमदानीत त्या माळावर मुंबईच्या एका व्यापाऱ्याने कातड्यांचा कारखाना काढला होता. गावोगावची कच्ची कातडी इथे येत, मीठ लावून वाळवली जात, आणि कीड लागू नये म्हणून सोमलाच्या, म्हणजे आर्सेनिकच्या विषारी, पाण्यात बुडवून जलंब स्टेशनातून आगगाडीने बंदराला जात. कामाला फक्त खालच्या आळीतली माणसं. वरच्या आळीतलं कुणी तिकडे फिरकत नसे. वारा तिकडून आला तर दारं लावून घेत. स्वातंत्र्य आलं त्याच वर्षी कारखाना बंद पडला, पत्रे-लोखंड लिलावात गेलं, आणि अकरा एकर माळ पंचायतीच्या गळ्यात पडला. वीस वर्षांत तिथे कुसळ उगवलं नाही.

"हौदातलं पानी आमी विहिरीच्या बाजूलेच उपसून टाकत होतो," दयाराम म्हणाला. "मुकादमच सांगे तसं. थ्या विहिरीत कधी बेडूक पाह्यला? पारवा पाह्यला? आमी प्याचं पानी घरून नेत होतो. नवं पोरगं कामाले आलं की पयले हेच सांगत होतो. तरी बी दोन महिन्यांत नखावर रेघ. आमाले थे ओळखच होती, कातडीघराचा मानूस नखावरून समजे. तुहा काका कायनं मेला, तुले काय सांगितलं होतं?"

"पोटाच्या दुखण्याने."

"थेच थे दुखनं."

"मग बाबा, गावात सांगितलं काऊन नाही?"

"इचारलं कोनं?" दयाराम दोराकडे पाहत म्हणाला. "वीस वर्सांत एका मानसानं इचारलं नाई, दयाराम, तिथं काय होतं म्हनून. आता सांगाले गेलो तं म्हनतील, आमी त्याइचं पानी पेतो म्हनून यायच्या पोटात दुखून राह्यलं."

आता इथे गावाची जी चूक झाली ती नीट समजून घ्यायला हवी, कारण ती आपल्याकडेच होऊ शकते. त्या वर्षी पाण्याचे हाल होते. गावच्या विहिरींनी तळ गाठला होता, आणि कातडीघराची विहीर तुडुंब भरलेली. का नसेल? वीस वर्षं पोहरा पडला नव्हता. पण कातडीघराचं पाणी म्हणजे विटाळ! पाडव्यानंतर दुपारबाबा आला, माळावर बसला, आणि म्हणाला की सूर्याने विटाळ जाळला. झालं. सत्तर वर्षांचा विटाळ एका दुपारीत गेला, आणि गावाला आपण फार सुधारलो असं वाटलं. त्या पाण्यात विटाळ नव्हताच. विष होतं. ते कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण ज्यांना माहीत होतं त्यांच्याशी बोलायची गावाला सवयच नव्हती.

दोन दिवसांनी सकाळी सिंधूताई वामनरावांच्या ओसरीपाशी गेली. ती खाली पायरीवरच थांबली. वर ये, असं कुणी म्हटलं नाही.

"सरपंचसाहेब, बाटलीत पाणी भरून मी खामगावच्या डॉक्टरसाहेबांकडे दिलं. त्यांनी ते नागपूरला तपासायला धाडलं. रिपोर्ट येईपर्यंत तरी तीर्थ बंद करा."

"कवा येते रिपोट?"

"पंधरा दिवस तरी."

"आन् चोवीस तारीख हाय तीन दिवसांवर," वामनराव म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण पाण्यावाचून गाव ओरडत होतं आणि त्याला झोप नव्हती. "बाबानं सांगितलं हाय, चोवीसले सूर्य मानसाची सावली गिळते. त्या दिवशी विहीर साऱ्या गावाले खुली. टँकरसाठी अर्ज करकरून माहे जोडे झिजले, सिंधूबाई. बाबा पानी देऊन राह्यला तं तुमी इखाची गोठ सांगून राह्यल्या."

"माझ्या वडलांनी तिथे चौदा वर्षं काम केलं."

"म्हनूनच म्हनतो, तुमच्या लोकाइले वाईट वाटनारच." ते उठले. "त्या दिवशी अकरा एकराचा ठरावच करून देतो बाबाले. आश्रम बांधू द्या. तसं बी तिथं काय पिकते? जिल्हा परिषदेचं पत्र येऊन पडलं हाय, म्हने पडीक जागा द्या, काचेच्या पेट्या ठेवतो, उन्हानं खारं पानी गोड करून दाखवतो. ऊन पानी गोड करते म्हने! असल्या गोठीवर कोन इश्वास ठेवन?"

उन्हाने घोंगडी पेटवणाऱ्यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

निघताना सिंधूताईने मनकर्णाबाईला गोठ्याजवळ गाठलं. "काकू, माझ्यावर नका विश्वास ठेवू. पंचफुलाची नखं रोज पाहा. पांढरी रेघ आहे. माझा काका मेला तेव्हा त्याच्या नखांवर हीच रेघ होती." मनकर्णाबाईने तोंड फिरवलं. पण तिचे ओठ हलले, आणि सिंधूताईला वाटलं, रेघ हिने आधीच पाहिली आहे.

त्या दुपारी ती पुन्हा माळावर गेली. आता ती देवाकडेच पाहत होती, आणि अशी पाहत होती की देवाला अवघडल्यासारखं व्हावं. देव बारा वाजता येत नाही, बारा वीसला येतो. परवा ढग होता तेव्हा आलाच नाही. बाबा म्हणाला, गर्दीत कुणीतरी पापी आहे. गाठोडं काळंच का लागतं? पांढऱ्या धोतराचं देवाला काय वावडं?

मग बाबाने धूप टाकला, दोरी ओढली, आणि धूर कुंडावरून वर सरकला. त्या धुरात सिंधूताईला उजेड दिसला. खाली रुंद, वर निमुळता होत गेलेला, टोक बरोबर गाठोड्यावर. उजेड वरून खाली येत नव्हता. खालून वर जात होता.

तिला नागपूरचा वॉर्ड आठवला. घसा तपासणारे डॉक्टर कपाळाला खोलगट आरसा बांधत. एकदा तिने तो पुसून खिडकीत ठेवला होता, आणि दहा मिनिटांत टेबलावरच्या चादरीला भोक पडलं होतं. मेट्रनने चादरीचे पैसे तिच्या पगारातून कापले होते. ते भोक ती कधी विसरणार नव्हती.

कुंडात आरसा होता. मोठा, खोलगट; भगवी दोरी ओढली की त्यावरचा पडदा सरकत होता. सूर्य डोक्यावर आला की त्यातून ऊन एका जागी गोळा होणार आणि काळं गाठोडं पेटणार. इथला सूर्य बरोबर माथ्यावर येतो तो घड्याळाच्या बारा-वीसला. देवाचं वेळापत्रक तिला समजलं.

पण कुणाला सांगणार? नुसतं सांगून ऐकतील तर ती माणसं कसली!

चोवीस तारीख उजाडली. अकरापासून माळ फुलला. हजारभर माणूस असेल. विहिरीभोवती घागरींची रांग, पोरींच्या हातात कळशा, तान्ह्या लेकरांसाठी वाट्या. पुढे व्रतवाल्यांची ओळ, सगळ्यांच्या हातात तीर्थाने भरलेले पितळी लोटे. आग लागली की एका दमात प्यायचं, मग विहीर गावाची. पंचफुला ओळीत पहिली बसली होती. ओठ सुकलेले, डोळ्यांखाली काळं. शेजारी मनकर्णाबाई.

बारा वाजून दहा मिनिटं झाली. "पाहा, आपापल्या पायांशी पाहा!" बाबा ओरडला. लोकांनी पाहिलं. सावल्या पायांखाली गोळा झाल्या होत्या. उभ्या काठीला सावलीच उरली नव्हती. हजार तोंडांतून एकच आवाज निघाला. वर्षातून दोनदा आपल्याकडे असं होतं, दरवर्षी होतं. दुसऱ्या वेळी पावसाळी ढग असतात म्हणून दिसत नाही, आणि पहिल्या वेळी आपण घरात झोपलेलो असतो.

बाबाने धूप टाकला. दोरी ओढली. आणि सिंधूताई ओटा चढली.

एक क्षण कुणाला काही सुधरलंच नाही. तिने छत्री उघडली आणि कुंडावर धरली.

"उतर खाली!" बाबा किंचाळला. "भस्म होशील!"

"अबे, थे पाहा, दयारामची पोट्टी!" "ओढा तिले!" एक ढेकूळ येऊन छत्रीवर फुटलं. दुसरं तिच्या खांद्याला लागलं. चार जण ओट्याकडे धावले. तिने छत्री हलू दिली नाही.

"एक पाऊल पुढे येऊ नका! सरपंचसाहेब, तुम्ही न्याय करा. कोटी योजनांवरून येणारा देव बारा रुपयांच्या छत्रीला भिणार असेल तर मला खुशाल हाणा. नाहीतर त्याला येऊ द्या. माझी छत्री जाळू द्या!"

वामनरावांनी हात वर केला. धावणारे थांबले. देवाची परीक्षा म्हटल्यावर पाहायची हौस सगळ्यांनाच असते.

"म्हणा बाबा मंत्र," ती म्हणाली. "मोठ्याने म्हणा."

बाबा म्हणू लागला. घाम गळ्यावरून छातीवर आला. बारा सतरा. अठरा. वीस. गाठोडं जसंच्या तसं टांगलेलं. एकवीस. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"विटाळ!" बाबा एकदम ओरडला. "हिच्या स्पर्शाने तेज माघारी गेलं! विटाळ झाला!"

"विटाळ! विटाळ!" गर्दी पुन्हा पेटली. हसणारेही ओरडू लागले. याचीच ती वाट पाहत होती.

"बरं, विटाळ!" ती ओरडली. "मग मी इथे उभी असेपर्यंत देव येणार नाही, खरं ना? ऐका सगळे, बाबा म्हणतात, मी असताना देव येणार नाही! मी इथून हलणार नाही. मंत्रही मीच म्हणते." तिने छत्री मिटली, हात जोडले आणि दवाखान्याच्या कपाटातल्या बाटल्या आठवल्या. "ओम् कुनेन! ओम् आयडीन! बोरिक पावडर, एरंडेल, सोडामिंट, स्वाहा!"

गाठोडं धुमसलं. भक्कन पेटलं.

माळावर चिडीचूप झालं. एरंडेलाला देव पावलेला तांबुळखेडाने पहिल्यांदाच पाहिला.

आणि त्याच क्षणी सिंधूताईची नजर खाली व्रतवाल्यांकडे गेली. आग लागली की प्यायचं, असं ठरलेलं होतं. आग लागली होती; तिनेच लावली होती. ओळीतले लोटे वर उचलले जात होते. पंचफुलाने डोळे मिटले होते आणि लोटा ओठाला टेकवला होता. एकेचाळीस दिवस शिकवलेलं शरीर आपोआप चाललं होतं.

"पंचफुले, नको!" ती ओरडली. अंतर वीस पावलांचं. पोहोचणं शक्य नव्हतं. "काकू! नखं! नखं पाहा तिची!"

मनकर्णाबाईने पाहिलं. पितळी लोट्याला घट्ट धरलेली दहा बोटं, आणि दहा नखांवर दहा पांढऱ्या रेघा, उन्हात लख्ख. कितीतरी दिवस ती त्या रेघांकडे चोरून पाहत होती. तिने हात उगारला आणि लोट्यावर असा फटका मारला की तो समोरच्या दगडावर जाऊन आदळला. पाणी मातीत जिरलं, आणि ओळीतले बाकीचे लोटे ओठांपाशीच थांबले.

"नको पिऊ, माय! नको पिऊ!" ती सुनेला कवटाळून रडू लागली.

मग दयाराम पुढे आला. गर्दीने सवयीने वाट दिली, अंग चोरून. तो ओट्यावर चढला. वीस वर्षांनी.

"हे होमकुंड नोय," तो म्हणाला. आवाज बारीक होता, पण लोक ऐकत होते. "हा सोमलाचा हौद हाय. मीच याच्यात कातडी बुडवत होतो. या सरपंच, वर या. पाहा आत."

विझत आलेल्या गाठोड्यावर सिंधूताईने छत्रीची सावली धरली, तेव्हा वामनराव चढले आणि वाकले. हौदात गाडीच्या चाकाएवढी चकचकीत अल्युमिनियमची परात बसवली होती, कडेला भगवं कापड गुंडाळलेलं. परातीतून त्यांचाच चेहरा त्यांच्याकडे पाहत होता, भला मोठा, मिशा हातभर. ते दचकून मागे सरले. मग एकेक जण वर चढून पाहू लागला, आणि ज्याला त्याला आपलंच भलं मोठं थोबाड दिसू लागलं.

बाबा या गडबडीत ओट्यावरून उतरत होता. दोन पायऱ्या उतरला आणि खालीच बसला. पाय उचलत नव्हते.

सिंधूताई त्याच्यापाशी गेली. "मुंग्या येतात?"

तो पोटऱ्या चोळू लागला. तिने त्याचे दोन्ही हात धरून वर केले, सगळ्यांना दिसतील असे. दहा नखं, दहा रेघा.

"तुम्हीही हेच पाणी पीत होतात?"

"दुसरं आहे कुठं गावात?" तो पुटपुटला. आवाजातला गडगडाट पार गेला होता. "ताई, खरंच विष आहे? आईशप्पथ, मला ठाऊक नव्हतं. परात माझी. लबाडी माझी. पण पाण्याचं ठाऊक नव्हतं."

ठाऊक नसताना पाजलं, म्हणून त्याचा गुन्हा कमी होत नाही. ठाऊक नसताना पाजणाऱ्यांनीच जगात जास्त माणसं मारली आहेत. गावाला मात्र तेव्हा त्याच्याकडे बघायला वेळ नव्हता. व्रतवाले आपापली नखं उन्हात धरून पाहत होते. विहिरीभोवतालच्या बाया घागरी उपड्या करत होत्या. कुणीतरी मोठ्याने रडत होतं.

संध्याकाळी बैलगाड्यांतून तेवीस माणसं खामगावच्या दवाखान्यात गेली, चोविसावा बाबा. त्याचं नाव मोतीराम. फौजदार जबाब घ्यायला आला तेव्हा वामनराव हजर होते, आणि मोतीराम त्यांच्याकडेच पाहून बोलला.

"साहेब, तीन वर्षं मी एका कंपनीची सूर्यचूल विकत गावोगाव फिरलो. हीच परात. उन्हात मांडायचो, पातेलं ठेवायचो, पाऊण तासात खिचडी शिजवून दाखवायचो. लाकूड नको, रॉकेल नको. लोक म्हणायचे, उन्हात कोण बसेल? खिचडी खाऊन निघून जायचे. खामगावच्या बाजारात एक चूल खपली नाही. कंपनीने काढून टाकलं. तीच परात खड्ड्यात ठेवली, भगवं नेसलो, तर अख्खं गाव दीड महिना उन्हात बसलं. तुम्ही अकरा एकर द्यायला निघालात."

याचं उत्तर तुमच्या-माझ्याकडे आहे का?

बारा दिवसांनी नागपूरचा रिपोर्ट आला: पाण्यात सोमल, माणसाला घातक. नागपूरहून विषावरच्या सुया आल्या, माणसं हळूहळू सुधारली. दोघांच्या पायांत कायमचा अधूपणा राहिला. पंचफुला जूनच्या मध्यात, दिवस भरायच्या आधी, बाळंत झाली. मुलगी, चार पौंडांची, रडायला मात्र दणकट. नाळ कापायची कात्री सिंधूताईने ज्या पाण्यात उकळली ते पाणी त्याच परातीवर तापवलं होतं. फौजदाराकडून मुद्देमाल सोडवून आणायला वामनराव स्वतः गेले होते.

ते पत्रही त्यांनी शोधून काढलं. पावसाळ्यानंतर माळाला कुंपण पडलं. कुठे हौद होते, कुठे सोमलाचं पाणी ओतलं जाई, कुठे खणायचं नाही, हे दयारामने फक्कीने आखून दिलं. पंचायतीने त्याला बोलावणं धाडलं होतं, आणि ओसरीवर सतरंजी टाकली होती. जिथे कुसळ उगवत नव्हतं तिथे काचेच्या बारा तिरक्या पेट्या मांडल्या. त्यांत विहिरीचं तेच पाणी. ऊन ते तापवतं, वाफ काचेला लागते, थेंब पन्हाळीत उतरतात, सोमल तळाशी राहतो. दिवसाला सहा कळशा. बाटली नागपूरला गेली आणि स्वच्छ होऊन आली. मगच ते पाणी दवाखान्यात वापरायला घेतलं, आधी नाही.

पेट्या सुरू झाल्या त्या दिवशी पाहायला सतरा माणसं आली. बाबाच्या वेळी हजार होती. याचा राग येतो, आणि यायलाच हवा. ऊन तेच, परात तीच. काडीवाचून लागलेली आग खरी होती, ती लागायचं कारणही खरं होतं. खोटा होता तो फक्त पडदा. म्हणून कुणी कुंडावर पडदा टाकला की हात जोडण्याआधी ओट्यावर चढून वाकून पाहा. आणि ज्या जागेविषयी बोलायचं त्या जागी ज्यांनी हात कामाला लावले त्यांना आधी विचारा. एवढं केलं असतं तर तांबुळखेडाच्या तेवीस माणसांच्या पोटात विष गेलं नसतं.

दिवाळीच्या सुमारास मनकर्णाबाई नातीला कडेवर घेऊन माळावर आली. परात आता दवाखान्यासाठी तिथेच घोडीवर बसवली होती, वर पातेलं उकळत होतं. तिने पदराआडून कोयरी काढली, आणि सिंधूताई नको म्हणेपर्यंत परातीच्या मधोमध हळदीकुंकवाचं बोट लावलंसुद्धा.

"काकू, तेवढ्या जागी ऊन पकडत नाही ती," सिंधूताई म्हणाली.

मनकर्णाबाई ओशाळली. "मंग काय करू वं, माय? हिच्यानं माही नात वाचली. काई तं केलं पाह्यजे."

सिंधूताईने खांद्यावरचं फडकं काढून तिच्या हातात दिलं.

"रोज पुसत जा."

मनकर्णाबाईने नातीला तिच्याकडे दिलं, पदर खोचला, आणि पुसायला लागली.